अर्धं तेल, अर्धी वीज

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, शेजारच्या ब्लॉकमध्ये खून पडतोय. रविवारची सकाळ होती, मी पोह्यांसाठी कांदा चिरत होते आणि नव्या भाडेकरूच्या गॅलरीतून दोन पुरुषांची जुंपलेली. एकजण मराठीतून कानडीत आणि कानडीतून इंग्रजीत उड्या मारत होता, दुसरा नुसताच कडाडत होता. त्यातला "तप्पु! तप्पु!" एवढा शब्द मला कळला, कारण माझं आजोळ निपाणीकडचं आणि तप्पु म्हणजे चूक हे तिकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं. मी आमच्या ह्यांना म्हटलं, "अहो, जाऊन बघा की जरा." हे पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "मिटंल आपोआप." असल्या माणसाच्या जिवावर मी संसार केला! शेवटी मीच गेले आणि बेल दाबली.

दार उघडलं ते एका उंच, वाळक्या, पांढऱ्या मिशीच्या माणसानं. अंगात बनियन, हातात फोन, फोनचा स्पीकर चालू. मागं घरात दुसरं कुणी नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे. सुरी माझ्या हातातच राहिली होती.

"काय झालं अक्का?"

"ते मीच विचारायला आलेय. कोण ओरडतंय?"

त्यांनी फोन पुढं केला. "हा मूर्ती. बेंगळुरात असतोय. माझा दोस्त हाय."

फोनमधून आवाज आला, "लो दत्ता, यारु?" म्हणजे अरे, कोण आहे. त्यांनी त्याला कानडीतून सांगितलं की शेजारच्या अक्का सुरी घेऊन आल्यात. फोनमधला माणूस असा काही हसला की मलाही हसू आवरेना. मग मी तशीच परत आले. माझी पाठ वळते न वळते तोवर भांडण पुन्हा जिथं तुटलं होतं तिथून सुरू झालं.

तर हे नेसरीकर सर. सर कसले, त्यांनी आयुष्यात एक तासही शिकवलं नव्हतं. खरी शिक्षिका मी, चौतीस वर्षं खडू खाल्ला, पण राजारामपुरीच्या आमच्या गल्लीत मला सगळे काकू म्हणतात आणि त्यांना सर. त्यांची नोकरी बेंगळुरातली. विमानाची इंजिनं जमिनीला बांधून पळवायची आणि ती कुठं तापतात, कुठं थरथरतात ते बघायचं. गाव गडहिंग्लजकडचं, घर शेतकऱ्याचं, लग्न झालेलं नाही. मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, मी कशाला सोडतेय. म्हणाले, "राहूनच गेलं बघा." आणि कोल्हापुरातच का आलात म्हटल्यावर म्हणाले, "गावाकडं घर हाय, पण ओळखीचं कोण उरलं न्हाय. बेंगळुरात ओळखीचे सगळे, पण रिटायर झाल्यावर तिथं करमंना. मग मधी कुठं, तर हितं." पुढं मला कळलं की करमणं त्यांना इथंही नव्हतंच, पण तेव्हा मी नुसती मान हलवली.

त्यांची एक खोड सांगते. हातात दिलेली कुठलीही वस्तू ते आधी तळहातावर तोलायचे. मी लाडवाची वाटी नेली, तोलली. कुणाचं बाळ मांडीवर दिलं, तोललं आणि आईला वजन सांगितलं. आईनं दवाखान्यात नेऊन बघितलं तर बरोबर! चपलांचे जादा पट्टे कापायचे, छत्रीच्या मुठीचा गोंडा काढून टाकायचे, गावाला जाताना टूथपेस्टची ट्यूब अर्धी झालेलीच न्यायचे. एकदा मी वैतागून म्हटलं, "सर, तुम्ही एसटीनं चाललाय, काय विमानानं नव्हे." तर म्हणाले, "सवय लागली अक्का. विमानवाल्याला दुसरं काय दिसतच न्हाय." संध्याकाळी उजळाईवाडीच्या विमानतळाकडं विमान उतरायला लागलं की गल्लीतली पोरं वर बघायची आणि सर डोळे मिटायचे. ऐकायचे. पंख्याचं छोटं विमान असायचं ते. आवाज गेला की डोळे उघडून म्हणायचे, "केवढं इंजिन वाहून न्यायलंय बिचारं, आन् कशापायी?"

हे कशापायी काय ते मला वाडीच्या रस्त्यावर कळलं. नृसिंहवाडीला दर्शनाला निघालो होतो, आम्ही दोघं आणि सर. उसाचे दिवस. रस्त्याच्या कडेला एका फडात दोन ट्रॉल्या भरून लावलेला ट्रॅक्टर चिखलात रुतून बसला होता आणि पुढं दुसरा ट्रॅक्टर साखळीनं जोडायचं चाललं होतं. सरांनी गाडी थांबवायला लावली. खाली उतरले आणि कमरेवर हात ठेवून असे बघत राहिले की तो ट्रॅक्टरवाला ओरडला, "ओ पावणं, काय सिनेमा हाय का हितं?" दोन्ही ट्रॅक्टरनी मिळून धूड रस्त्यावर आणलं, मग दुसऱ्याची साखळी सोडली आणि पहिला एकटाच कारखान्याकडं निघून गेला. सरांचा चेहरा उजळला.

"बघितलासा? जोर लागतो तो फडातनं भाईर पडायला. एकदा रस्त्याला लागलं की एकटा बास हाय. विमानाचं बी तसंच. जमीन सोडून वर चढायला लई ताकद लागती, वर गेल्यावर निम्मी बी लागत न्हाय. पण त्या चढायच्या थोड्या वेळासाठी केवढं मोठं इंजिन बसवलेलं असतंय, आन् ते सगळी वाट वाहून न्यायचं. मग आमी काय म्हणतोय, इंजिन बारकं घाला. तेलावरचं. आन् चढताना त्याच्या जोडीला विजेची मोटर लावा. अर्धं तेल, अर्धी वीज."

"व्वा! भारी की!" आमचे हे म्हणाले.

सर त्यांच्याकडं बघत राहिले. मग जरा काकुळतीलाच येऊन म्हणाले, "अवो, कुणीतरी इचारा की. मग अडचण काय म्हणून इचारा की."

"काय अडचण?" मी विचारलं.

"दुसरा ट्रॅक्टर सोडता येत न्हाय! रस्त्याला लागलं तरी पाठंगुळीला घेऊनच जावा लागतोय. तेल जळंल तसं विमान हलकं हुतंय. बॅटरी रिकामी झाली तरी वजन तेवढंच. रिकामी बॅटरी घेऊन उतरायचं. ह्या एका गोष्टीवर मूर्ती मला गेली कितीतरी वर्षं धू धू धुतोय." हे सांगताना त्यांना इतका आनंद झाला होता की जणू मूर्ती समोर बसून धुतोयच.

रविवारची भांडणं मला मग हळूहळू कळू लागली. आमची गॅलरी आणि त्यांची गॅलरी यांच्यात एक कुंडीच काय ती होती, न ऐकून जाते कुठं? सरांचं म्हणणं, इंजिन आणि मोटर एकाच दांड्यावर बसवा, दोघांनी मिळून पंखा फिरवायचा. मूर्तींचं म्हणणं, छट्, इंजिनानं फक्त वीज करायची आणि पंखे सगळे मोटरांनी फिरवायचे. म्हणजे एकाच्या मते दोघांनी जोडीनं गाडा ओढायचा आणि दुसऱ्याच्या मते एकानं ओढायचा आणि दुसऱ्यानं घरी बसून त्याला खाऊ घालायचं. संसाराचे तरी याहून वेगळे प्रकार कुठं असतात? दोघांचं मिळून एक टिपण चाललं होतं, कोल्हापूर-बेंगळूरसारख्या जवळच्या पल्ल्याच्या छोट्या विमानाबद्दल. मुंबईहून लंडनला हे जमणार नाही यावर दोघांचं एकमत होतं. बाकी कशावरच नव्हतं, म्हणून ते टिपण काही पुरं होत नव्हतं. मला वाटतं, ते पुरं व्हावं अशी दोघांचीही फारशी इच्छा नव्हती.

एकदा मी चिडून म्हटलं, "सर, तो माणूस तुमचं एक म्हणून ऐकत नाही. कशाला फोन करता?"

"हो म्हणणारे गावभर हायत, अक्का. भाजीवाला बी हो म्हणतोय. मला न्हाय म्हणणारा जगात त्यो एकच हाय."

आता आमच्या संभाजीबद्दल सांगायला पाहिजे. संभा म्हणजे गल्लीच्या तरुण मंडळाचा अध्यक्ष, धंदा दुधाचा, मन राजाचं आणि आवाज लाऊडस्पीकरचा. त्याला सरांचा भलता अभिमान. त्यानंच कुठल्याशा इंजिनिअरिंग कॉलेजात वशिला लावून सरांचं भाषण ठरवलं. सरांनी आठवडाभर तयारी केली. मला म्हणाले, "इंजिनिअरिंगची पोरं हायत, उभं-आडवं इचारतील." नवा शर्ट घातला. आम्ही दोघंही गेलो होतो. सर चांगले बोलले, ट्रॅक्टरचं सांगितलं, बॅटरीच्या वजनाचं सांगितलं, मोटर तापते ती उष्णता कुठं सोडायची हे अजून कुणाला नीट सुटलेलं नाही असंही सांगितलं आणि मग खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, "आता इचारा."

कुणी विचारलं नाही. आपल्याकडं माणसाचं ऐकायचं नसलं की त्याचा सत्कार करतात. शाल आली, नारळ आला, कोल्हापुरी फेटा बांधला, टाळ्यांचा कडकडाट झाला. शेवटी एका पोरानं हात वर केला. सर ताडकन उभे राहिले. पोरगं म्हणालं, "सर, एक सेल्फी?" परत येताना रिक्षात सर तो नारळ तळहातावर घेऊन बसले होते, पण तोलत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीच्या तोंडाला फ्लेक्स लागला. फेट्यातले सर, मागं चार इंजिनांचं अवाढव्य विमान, खाली शुभेच्छुक म्हणून गल्लीतली एकूण एक पोरं काळे गॉगल लावून. आणि मध्ये लालभडक अक्षरात, 'विजेवरच्या विमानाचे जनक, कोल्हापूरचे सुपुत्र, मा. दत्तात्रय नेसरीकर सर यांचे हार्दिक अभिनंदन!' सर दूध आणायला खाली उतरले आणि फ्लेक्सखाली थांबले. मला आधी म्हणाले, "मागं जे इमान छापलंय त्याला ह्यातलं कायबी लागू हुत न्हाय." मग पुन्हा वाचलं. 'जनक' या शब्दापाशी त्यांचा चेहरा उतरला.

"संभा, काढ बाबा हे."

"काय सर! आठ दिवस तरी राहू दे की. पोरांनी हौसेनं लावलंय."

पोरांची हौस, काढणार कसं? तोवर फोटो फोनाफोनांतून फिरला होताच. आपल्या गल्लीतलं एक पोरगं बेंगळुरात नोकरीला, त्यानं तिथं कुणाला पाठवला, त्यानं सरांच्या जुन्या ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. दुपारी मूर्तींचा निरोप आला. सरांनी मला फोन दाखवला. इंग्रजीत एवढंच होतं, 'अभिनंदन, सर.'

"बरंय की," मी म्हटलं.

"त्यानं मला जन्मात कधी सर म्हटलं न्हाय," सर म्हणाले. मग खुर्चीत बसले आणि मला सगळं सांगितलं. पूर्वी एकदा मूर्तींनी राबराबून काढलेलं काम साहेबाच्या एकट्याच्या नावावर गेलं होतं. तेव्हा दोघं कँटीनमध्ये बसून त्या साहेबाला तीन भाषांत शिव्या देत होते. "आन् आता त्याला वाटायलंय, दत्ताबी त्यातलाच निघाला."

त्या रविवारी फोन आला नाही. सरांनी केला, उचलला गेला नाही. पुढच्या रविवारी तसंच. गॅलरीत इतकं गप्प होतं की आमचे हे, जे खून पडला तरी उठत नाहीत, ते पेपर खाली ठेवून म्हणाले, "आज भांडण न्हाय व्हय?"

मी संभाला गाठला आणि असा झापला की त्याच्या डोळ्यात पाणी आलं. तो म्हणाला, "काकू, मला काय ठावं! दुरुस्त करतो की." आणि त्यानं दुरुस्त केलं! कसं, तर दुसरा फ्लेक्स लावला. सरांच्या शेजारी मूर्ती, कुठल्यातरी जुन्या ग्रुप फोटोतून कापलेले, खांद्यावर कुणाचा तरी नुसताच हात राहिलेला. खाली, 'विजेवरच्या विमानाचे दोन जनक!' मी कपाळावर हात मारून घेतला. म्हटलं, "अरे शहाण्या, जनक एकच असतो रे!" त्यावर मात्र सर हसले. किती दिवसांनी हसले. संभानं त्या फ्लेक्सचा फोटो काढून मूर्तींना स्वतः पाठवला, वर आपल्या आवाजात माफीही मागितली, तीही कोल्हापुरीत. त्यांना त्यातलं काय कळलं असेल देव जाणे.

पण रविवारी फोन आला. मी गॅस बारीक करून कान लावून उभी राहिले, खोटं कशाला बोलू. सरांचा आवाज आला, मग मूर्तींचा, पण खालच्या पट्टीत. हौदु, हौदु, येस, येस. एक तप्पु म्हणून नाही. थोड्याच वेळात फोन संपला. मी न राहवून कुंडीपाशी गेले.

"काय म्हणाले? राग गेला?"

"राग न्हायच म्हणाला. आन् सगळं मान्य केलं."

"मग चांगलं झालं की!"

"सगळं मान्य केलं, अक्का," सर म्हणाले. "एकाच दांड्यावर बसवूया म्हणाला. बॅटरीचं वजन बघता येईल म्हणाला. टिपण तू म्हणशील तसं पुरं करूया म्हणाला. मी मुद्दाम एक साफ चुकीचं वाक्य बोललो. त्यालाबी हो म्हणाला." त्यांनी फोन टेबलावर पालथा घातला. "परक्याशी कोण भांडतंय?"

मला तेव्हा मूर्तींचा भयंकर राग आला. एवढं काय झालं होतं? आणि लगेच वाटलं, झालंच होतं की. ज्याचं नाव एकदा गळलंय त्याला पुन्हा गळलेलं दिसलं तर तो काय करील? कुणाला दोष द्यावा हेच कळेना, आणि ज्याला दोष द्यावा असा माणूस नसला की माझं डोकं आणखी फिरतं. संभाचं चुकलं ते मायेपोटी. सरांचं तर काहीच चुकलं नव्हतं.

मग मी ठरवलं, आपणच भांडू. न भांडायला मला काय झालं? इतके दिवस ऐकून दोन-चार मुद्दे मलाही पाठ झाले होते. एका सकाळी दाट धुकं होतं आणि विमान उतरू न शकल्यानं परत गेलं असं संभानं सांगितलं. मी लगेच गॅलरीत जाऊन कडाडले, "सर, हे बघा! धुकं पडलं की वर घिरट्या घालायच्या, नाहीतर दुसऱ्या गावाला जायचं. तेवढी जादा वीज कुठून आणणार? साफ चूक आहे तुमचं!"

सर माझ्याकडं वळले. इतक्या मायेनं बघितलं. "छान प्रश्न इचारलासा, अक्का," म्हणाले आणि खुर्ची ओढून, सावकाश, मला समजेल अशा शब्दांत समजावून सांगायला लागले. जादा पल्ल्यासाठी तेलच ठेवायचं वगैरे. मी ऐकत राहिले आणि आतून रडकुंडीला आले. मूर्तींना ते कधीच छान प्रश्न म्हणाले नव्हते. त्यांना म्हणायचे, "तुझं डोकं तपासून घे!"

त्या थंडीत सर गेले. सकाळी दुधाची पिशवी दाराला तशीच लटकलेली दिसली तेव्हाच मी संभाला हाक मारली. गावाकडचे पुतणे आले, पंचगंगेवर सगळं झालं, संभा लहान पोरासारखा रडला. किल्ली माझ्याकडं ठेवून पुतणे सामान न्यायला नंतर येतो म्हणून गेले.

आणि काही दिवसांनी सकाळी माझ्या दारात एक बुटका, टक्कल पडलेला, हातानं विणलेला स्वेटर घातलेला गृहस्थ उभा. नाव सांगितलं आणि मी बघतच राहिले. एवढा मोठा आवाज या एवढ्याशा माणसात मावत होता कुठं? त्यांची हिंदी मोडकी, माझी त्याहून मोडकी. मी सरांचं घर उघडून दिलं. ते खोल्यांतून फिरले, कशालाही हात लावला नाही, गॅलरीच्या दारापाशी थांबले. मग पाठमोरेच म्हणाले की मी फोन करायचो, सणासुदीला, पण बोलायचं काय ते सुचायचं नाही. तो माझ्याबद्दल काय बोलायचा?

तेव्हा मी त्यांना तो रविवार सांगितला. तोवर कुणालाच सांगितला नव्हता, आमच्या ह्यांनाही नाही.

दिवाळी होऊन गेली होती. मी स्वयंपाकघरात होते आणि शेजारून एकदम भांडण ऐकू आलं. दोन आवाज, तीच कानडी, तेच इंग्रजी, आणि तप्पु, तप्पु! मला एवढा आनंद झाला की हातातलं तसंच टाकून मी धावत गॅलरीत गेले. सर एकटेच होते. फोन आत टीव्हीवर चार्जिंगला लावलेला मला इथून दिसत होता. ते खुर्चीत उजवीकडं वळून मराठी-इंग्रजीत आपलं म्हणणं मांडायचे. मग डावीकडं वळून, आवाज मूर्तींसारखा कडक करून, कानडीत ते खोडून काढायचे. मोटरच्या उष्णतेचं चाललं होतं. एकाच दांड्यावर इंजिन आणि मोटर शेजारी शेजारी बसवली तर दोघांची आच एकमेकाला लागणार, ती कुठं न्यायची? सरांनी एक उत्तर दिलं, मूर्तींनी ते पाडलं. दुसरं दिलं, तेही पाडलं. शेवटी सर डावीकडं बघत म्हणाले, "हौदप्पा. नीने सरी." होय बाबा. तुझंच बरोबर. आणि उठून आत गेले.

मी हे सांगत असताना मूर्ती माझ्याकडं बघत होते. मला वाटलं, आता रडतील. मीच डोळे पुसत होते.

"हीट पे?" त्यांनी विचारलं. "हीट पे हार गया वो?"

मी मान हलवली.

"नो!" ते इतक्या जोरात ओरडले की मी दचकून मागं सरले. "तप्पु! पूरा तप्पु! उसका आन्सर था!" आणि तरातरा गॅलरीत गेले. सरांची खुर्ची होती तिच्यासमोर उभे राहिले आणि बोट रोखून कानडीत सुरू झाले. एवढं सोपं कसं सुचलं नाही तुला, असं काहीसं होतं. एकाच दांड्यावर बसवलं तरी मध्ये अंतर ठेवता येतं, येणारं वारं आधी मोटरवरून घ्यायचं आणि मग इंजिनाला द्यायचं, हे तूच मला एकदा सांगितलं होतंस, आणि तूच विसरलास, मूर्खा! चेहरा लालबुंद झाला होता. "लो दत्ता! लो!"

मी चहा टाकायला माझ्या घरी आले. आधण ठेवलं. शेजारून त्यांचा आवाज येतच होता, अगदी पूर्वीसारखा चढा. मधूनमधून तो थांबायचा. थोडा वेळ काही यायचं नाही. मग पुन्हा सुरू व्हायचा.